मुतखडा आणि दूध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘खडा कॅल्शियमचा असतो हे शाळकरी पोरालाही कळतं आणि तुम्ही दूध-दही चालू ठेवा म्हणता? वडिलांचं दूध आणि टोमॅटो बंद केले, कुळथाचं कढण दिलं, ६ मिलिमीटरचा खडा पंधरा दिवसांत गेला. डॉक्टरांना ऑपरेशनच करायचं असतं,’ असं तुम्ही माझ्या मुतखड्यावरच्या लेखाखाली लिहिलंय. हा राग वडिलांच्या काळजीतून आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे बरोबर (ऑक्झलेट म्हणजे पालक, अळू अशा पदार्थांतून पोटात जाणारा एक क्षार). पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. दूध-दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. लघवीत ते कॅल्शियमच्या मानाने फार थोडं असतं, त्यामुळे त्यात किंचित वाढ झाली तरी खडा धरायला पुरते. इटलीत पार्मा इथे वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी खाणाऱ्या ६० पैकी १२ जणांना.

त्यातलं मीठ विसरू नका. मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकतं तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही जातं. बंद करायचंच तर लोणचं, पापड, फरसाण करा. दिवसभराचं मीठ एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं.

टोमॅटोवर उगाच आळ आहे, त्यात ऑक्झलेट कमीच असतं. जपायचं ते पालक, अळू, बीट आणि मूठमूठ बदाम-काजूंना. अळू-पालक उकडून पाणी फेकलं तर बरंच ऑक्झलेट जातं. पालकासोबत पनीर नको, असंही सांगतात. पण ऑक्झलेट अडवायचं काम तिथे पनीरच करतं.

कॅल्शियमबद्दलची तुमची टीका एका बाबतीत मला मान्य आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल मी लेखात लिहायला हवं होतं. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीला आतड्यात बांधायला ऑक्झलेट मिळत नाही, ते कॅल्शियम लघवीत येतं. गोळी लागतच असेल तर जेवणासोबत घ्यावी. क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या मात्र खडेवाल्यांनी रोज घेऊ नयेत, त्यातून ऑक्झलेटच तयार होतं.

आता वडिलांचा खडा. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, ६ चेही बरेच. कढणासोबत पोटात गेलेलं पाणी उपयोगी पडलं असेलच; लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. ताप नसेल, दुखणं आटोक्यात असेल आणि दोन्ही मूत्रपिंडं चांगली असतील, तर एवढ्या खड्यासाठी चार आठवडे वाट पाहणं हाच उपचार असतो. खडा मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीच्या) खालच्या टोकाला असेल तर ती नळी सैल करणारी टॅम्सुलोसिनची गोळी देतात.

मला काळजी वाटते ती ‘गेला’ या शब्दाची. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. कधीकधी तो अडकून राहतो, मूत्रपिंड फुगतं, आणि दाब सोसून सोसून त्याच्या कळा थांबतात. पण आत नुकसान चालूच असतं. म्हणून सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. त्यात सूज दिसली आणि खडा दिसला नाही तर साधा सीटी स्कॅन लागतो, कारण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमुळे झाकला जातो. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की नळी घालून ती मोकळी करावीच लागते, नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही.

आणि पडलेला खडा हाती लागला असेल तर फेकू नका, तपासणीला द्या. तो यूरिक आम्लाचा निघाला तर वरचं ऑक्झलेटचं गणित तुमच्या वडिलांना लागूच होत नाही. तिथे लघवीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) ६.५ च्या आसपास आणायला पोटॅशियम सायट्रेट देतात, तेही रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासूनच.