आजीची आमटी परत सुरू करा

परवा मावशीकडे गेलो तर आजीच्या ताटात नुसता तूप-मीठ-भात. आमटी नाही, अंडं नाही, रात्रीचं दूधपण बंद. ताटाच्या काठाला लाल नेलपेंटचा ठिपका, म्हणजे ते ताट दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. आजीने दोनदा विचारलं, "आमटी संपली का गं?" मग मावशीने आपल्याच फॅमिली ग्रुपवर तिघांनी टाकलेला मेसेज दाखवला: अल्झायमर (आजीला झालेला, स्मरणशक्ती जाण्याचा आजार) म्हणजे मेंदूत प्रोटीन साचणं, म्हणून डाळ-अंडी-दूध बंद करा, तो संसर्गाने पसरतो, भांडी वेगळी ठेवा, हळदीने साचलेलं विरघळतं.

अहो, डाळीतलं प्रोटीन पोटात आणि आतड्यातच तुटतं, त्याची अमिनो ॲसिड होतात आणि तीच रक्तात जातात. मेंदूत साचतं ते बीटा-अमायलॉइड, आपल्याच पेशींमधल्या एका मोठ्या प्रोटीनचा कापला गेलेला तुकडा. तो निरोगी माणसाच्या मेंदूतही रोज तयार होतो आणि साफ होतो. अल्झायमरमध्ये त्याची घडी बिघडते, असे तुकडे एकमेकांना चिकटून पेशींबाहेर थर बसतो, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचा गुंता होतो. १९०६ मध्ये डॉ. अल्झायमरनी ऑगुस्ट डेटर या बाईंच्या मेंदूत हेच दोन्ही पाहिलं होतं. ताटातल्या वरणाचा याच्याशी काही संबंध नाही. उलट या आजारात वजन आधीच उतरतं, त्यात प्रोटीन तोडलं की स्नायू झिजतात, माणूस तोल जाऊन पडतो. आजीच्या बांगड्या आत्ताच कोपरापर्यंत सरकतात, बघितल्यात का कुणी?

पसरण्याबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. घडी बिघडलेलं प्रोटीन शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तसंच बिघडवतं, पण हे त्याच माणसाच्या मेंदूत. माणसातून माणसात गेल्याची शक्यता दाखवणारा अभ्यास २०२४ चा, लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या टीमचा: मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून काढलेलं ग्रोथ हार्मोन लहानपणी वर्षानुवर्षं इंजेक्शनने घेतलेल्या पाच जणांमध्ये अल्झायमरसारखी लक्षणं दिसली. ब्रिटनमध्ये ते हार्मोन १९८५ लाच बंद झालंय. आणि रोजच्या वावरातून, सेवा करताना हा आजार पसरत नाही, हे त्याच टीमने स्पष्ट सांगितलंय. तेव्हा ते ताट घरातल्या इतर ताटांत ठेवा.

हळद आमटीत घाला की, कोण नको म्हणतंय, पण तिने अल्झायमर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही.

ज्या तिघांनी मेसेज टाकला त्यांनी तो नुसता डिलीट करू नका, मावशीला फोन करून चुकीचा होता म्हणून सांगा, आजच. माझं ती ऐकत नाहीये.