गुडघ्यात वाकून नर्सची कंबर वाचत नाही

‘नर्सेसची कंबर दुखते ती चुकीचं वाकल्यामुळे. गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, पट्टा बांधा, जड पेशंट दोघींनी उचला, रोज व्यायाम करा. दुखणं राहणारच नाही.’ हा फॉरवर्ड माझ्या बहिणीला तिच्या वॉर्डच्या ग्रुपवर आला. नाइट करून आली की खुर्चीचा हात धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. मेसेज वाचून म्हणाली, “माझंच काहीतरी चुकत असेल.” म्हणून हे लिहितेय.

गुडघ्यात वाकायचा सल्ला सगळ्यात घातक. जमिनीवरचं खोकं तसं उचलता येतं. पलंगावरच्या पेशंटपर्यंत पोहोचताना मात्र पलंगाची कडच गुडघ्यांच्या आड येते, कमरेतून झुकावंच लागतं. कुशीवर वळवलेल्या माणसाला एका हाताने तोलून धरायचं, दुसऱ्याने पाठ पुसायची, ओली चादर काढायची, सलाइनची नळी ओढली जाणार नाही हेही बघायचं. तेवढ्यात तो घाबरून तिच्या गळ्यालाच हात घालतो. यात पाठ ताठ राहीलच कशी?

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेतले टॉमस वॉटर्स यांनी 2007 मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये मर्यादा सांगितली: पेशंट हलवताना एकीवर फार तर 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलो भार यावा. हात लांब करावे लागले, अंग पिळावं लागलं, जागा अडचणीची असली तर त्याहूनही कमी. 70 किलोच्या माणसाचा नुसता एक पाय 11 किलोच्या आसपास भरतो. ‘दोघींनी उचला’चंही उत्तर यातच आलं. दोघींचे मिळून होतात 32 किलो.

पट्ट्याने धडधाकट माणसाची इजा टळते याला पुरेसा आधार नाही, हे नायॉशनेच 1994 मध्ये सांगितलंय.

व्यायामाने पाठ बळकट होते, तेवढं मान्य. पण वजन मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असेल तर बळकट पाठही दुखावते.

पेशंट ओढण्याऐवजी सरकवता यावा म्हणून स्लाइड शीट, म्हणजे अंगाखाली घालायची गुळगुळीत चादर लागते, उचलायला होइस्ट, म्हणजे पेशंट उचलायचं यंत्र लागतं, कमरेच्या उंचीवर आणता येणारे पलंग लागतात. बहिणीच्या वॉर्डात स्लाइड शीट एकही नाही, आणि पलंगांची हँडलं गंजून बसलीत. इन्चार्जनी आधी या सामानाची मागणी वर पाठवावी, आणि ती कधी पाठवली ते ग्रुपवर टाकावं.