सगळीकडे डीपकॉपी मारून भागत नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, उत्तर लांबणार हे तुमची कमेंट वाचतानाच कळलं म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की फंक्शनला डिफॉल्ट म्हणून (म्हणजे कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायला) दिलेली रिकामी लिस्ट पुढच्या कॉलला भरलेली निघते हा सरळसरळ पायथनचा बग आहे, जावात असलं काही होत नाही, आणि मी पोरांना उगाच घाबरवतोय, डीपकॉपी (म्हणजे आतल्या सगळ्या वस्तूंसकट वेगळी नक्कल) मारा आणि मोकळे व्हा.

डिफॉल्टबद्दल बरंचसं मान्य. डेफची, म्हणजे फंक्शन बनवणारी, ओळ रन होते तेव्हा तो डिफॉल्ट एकदाच बनतो आणि फंक्शनलाच चिकटून राहतो, जावास्क्रिप्टमध्ये तो दर कॉलला नवा बनतो, आणि मला तेच जास्त पटतं. पायथनमध्येही २०१८ ला ३.७ सोबत डेटाक्लास (मुख्यतः माहिती ठेवायचे क्लास) आले, त्यात फील्डला नुसती लिस्ट डिफॉल्ट दिली तर क्लास बनतानाच व्हॅल्यूएरर येतो.

पण जावाचं नाही पटलं. तिथला जुना डेट क्लास बघा, गेटरमधून (आतली व्हॅल्यू बाहेर देणाऱ्या मेथडमधून) तारीख बाहेर दिली की घेणारा त्यावर सेटटाइम मारून तुमच्या ऑब्जेक्टच्या पोटातली तारीख बदलू शकतो. २०१४ ला जावा ८ मध्ये नवीन तारखांचे क्लास आले ते न बदलणारेच बनवले. म्हणजे दुखणं एका भाषेचं नाहीये, एकच वस्तू दोघांकडे असते आणि त्यातला एक जण ती बदलतो, तिथे आहे.

दादरच्या संध्याकाळच्या बॅचला मी हे लोकलवर दाखवतो. 'स्लो' नावाच्या लिस्टमध्ये चर्चगेट ते विरार सगळी स्टेशनं, मग 'फास्ट = स्लो', मग फास्टमधून माटुंगा रोड रिमूव्ह. आता स्लो प्रिंट करा, दादरनंतर थेट माहीम! एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. कारण नवीन लिस्ट बनलीच नव्हती, एकाच लिस्टला दोन नावं होती.

आता इथे तुमची डीपकॉपी लावू. प्रत्येक स्टेशन हे ऑब्जेक्ट आहे, त्यात प्लॅटफॉर्मचे नंबर आहेत असं धरा, तर डीपकॉपीने स्लोचं दादर वेगळं आणि फास्टचं दादर वेगळं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला सेंट्रलच्या बाजूचे नंबर बदलून ८ पासून पुढे केले, ते तुम्ही एका दादरमध्ये बदललेत तर दुसरं जुनेच नंबर दाखवत बसणार, आणि हा बग पहिल्यापेक्षा वाईट कारण तो महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दादर एकच हवं, थांब्यांची यादी मात्र ज्या त्या गाडीची स्वतःची हवी. त्यासाठी साधी 'स्लो.कॉपी' पुरते, ती लिस्ट नवी बनवते आणि आतली स्टेशनं तीच ठेवते. पोरांनी हा विचार करावा एवढंच माझं म्हणणं आहे, कॉपी मारायच्या आधी काय शेअर हवंय आणि काय नकोय ते ठरवा, आणि ते डीपकॉपी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. शिवाय ऑब्जेक्टमध्ये कुठे थ्रेडचा लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) असला तर ती टाइपएरर देऊन मोकळी होते, ते वेगळंच.

तुम्ही शेवटी विचारलंय की कोड रिव्ह्यूत हे पकडायचं कसं. डिफॉल्टवाली चूक पायलिंट (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) पकडतं, त्याची 'डेंजरस डिफॉल्ट व्हॅल्यू' ही वॉर्निंग कुणीही बंद करू नका. 'फास्ट = स्लो' मात्र ते पकडत नाही कारण त्यात चूक असं काही नसतंच, तिथे टेस्टमध्ये फास्ट बदलून झाल्यावर स्लो जशीच्या तशी आहे ना हे तपासा, आणि ज्या याद्या बदलायच्याच नाहीत त्या सरळ टपल (न बदलता येणारी यादी) करून टाका.