‘टेस्ट न देता ६जी’: भाच्याच्या मोबाईलवर आलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला बहिणीचा फोन. "दादा, पोराला उद्या सकाळी पस्तीस हजार भरायचे आहेत. तू एकदा तो मेसेज बघ ना." भाचा गोव्यात डिचोलीला असतो. आयटीआयचा वेल्डर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स झाला, मग वर्षभर एका शेडमध्ये ग्रील आणि गेटची कामे केली, आणि आता डोळे कुवेतकडे. हाच मेसेज मला आधी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. त्यातला एक ग्रुप आमच्या जुन्या यार्डातल्या माणसांचा, म्हणजे ज्यांना कळायला हवे त्यांनीच पुढे ढकललेला. तेव्हा हसून सोडून दिला. आता तो घरात शिरला, म्हणून लिहायला बसलोय.

६जी म्हणजे ४५ अंशांत तिरक्या बांधलेल्या पाइपवर द्यायची वेल्डिंगची टेस्ट, आणि डब्ल्यूपीएस म्हणजे वेल्डिंग कुठल्या मर्यादेत करायचे ते सांगणारा कागद. मेसेज थोडक्यात असा: "६जी हे आंतरराष्ट्रीय वेल्डिंग लायसन्स आहे. एकदा मिळाले की आयुष्यभर चालते, जगात कुठेही, कुठल्याही पाइपवर, कुठल्याही धातूवर. ५ वर्षांचा अनुभव असेल तर टेस्टची गरज नाही, एएसएमई सर्टिफिकेट घरपोच. डब्ल्यूपीएस वगैरे कागद इंजिनियरांचे, वेल्डरचा त्याच्याशी संबंध नाही. कंपन्या पुन्हा टेस्ट घेतात ते पगार पाडायला." खाली एक नंबर, आणि १० ग्रुपांवर पाठवल्यास २००० रुपये सूट.

भाच्याचा अनुभव जेमतेम एक वर्षाचा. तसे त्याने फोनवर सांगितलेसुद्धा. पलीकडून उत्तर आले, "अनुभवाचे पत्रही आपणच करून देतो." इथेच फोन ठेवायला हवा होता.

"टेस्टची गरज नाही, एएसएमई सर्टिफिकेट घरपोच"

सगळ्यात घातक ओळ ही, म्हणून आधी हीच घेतो. एएसएमई ही अमेरिकेतली मेकॅनिकल इंजिनियरांची संस्था. ती बॉयलर आणि प्रेशर व्हेसलचा कोड छापते. त्या कोडचा सेक्शन ९ वेल्डरची आणि वेल्डिंगच्या पद्धतीची परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. संस्था स्वतः डिचोलीच्या काय, ह्यूस्टनच्या वेल्डरलाही या सेक्शनखाली सर्टिफिकेट देत नाही. कोडच्या पहिल्या पानांवरच छापलेले असते की एएसएमई कुठल्याही वस्तूला, बांधकामाला किंवा कामाला मंजुरी देत नाही, दर्जा ठरवत नाही, पाठिंबा देत नाही. मग सर्टिफिकेट देतो कोण? ज्याच्याकडे तुम्ही काम करणार तो, म्हणजे कारखानदार किंवा कंत्राटदार. कूपन, म्हणजे परीक्षेचा पाइपचा तुकडा, वेल्ड होताना त्याचा माणूस समोर उभा पाहिजे. पट्ट्या कापणे, मशीनवर घासणे, वाकवणे ही कामे बाहेरच्या लॅबकडून करून घेता येतात. पण वेल्डिंग चालू असतानाची देखरेख दुसऱ्याच्या गळ्यात घालायला सेक्शन ९ परवानगी देत नाही. शेवटी सही त्या मालकाची, कारण उद्या तो जॉइंट फुटला तर मान त्याची अडकते.

म्हणून ‘टेस्ट न देता सर्टिफिकेट’ म्हणजे रक्त न काढता दिलेला रक्ताचा रिपोर्ट.

टेस्ट असते तरी काय? पाइपचे दोन तुकडे ४५ अंशांत तिरके, घट्ट बांधलेले. पाइप फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचे. घड्याळात सहा वाजतात त्या जागी डोक्यावरचे वेल्डिंग, तीन आणि नऊला उभे, आणि सगळीकडे तिरकस. आधी रूट म्हणजे सगळ्यात आतला थर, मग हॉट पास आणि भरणीचे थर, वर कॅप म्हणजे शेवटचा थर. नंतर डोळ्यांनी तपासणी, आणि मग एक्स-रे किंवा बेंड. बेंडसाठी ६जीच्या पाइपमधून साधारण चार पट्ट्या कापतात. दोन रूटच्या बाजूने वाकवतात, दोन कॅपच्या बाजूने, इंग्रजी ‘यू’ होईपर्यंत. बाहेरच्या फुगीर बाजूवर ३ मिलिमीटरपेक्षा मोठी उघडी फट दिसली की नापास. तोंडी परीक्षा नाही, ग्रेस मार्क नाहीत, ओळख चालत नाही.

काही वर्षांपूर्वी वेर्ण्याला एका कामावर असाच एकजण आला होता. कंत्राटदाराचे नाव घेत नाही. लॅमिनेट केलेले सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी शिक्का. कूपन लाव म्हटले तर म्हणाला, "सर, सर्टिफिकेट आहे ना." लावले शेवटी. कॅप अशी सुरेख की फोटो काढून ठेवावा. पहिली रूट बेंडची पट्टी मशीनमध्ये घातली आणि अर्धी वाकायच्या आत ती मुळापासून उकलली, शेंग सोलावी तशी. रूट दोन्ही बाजूंना नुसती टेकलेली होती, वितळून एक झालीच नव्हती. तो बाहेर फणसाखाली बसून राहिला. मेव्हण्याकडून पैसे घेऊन कागद विकत घेतला होता. मला त्याचा राग आला नाही, विकणाऱ्याचा आला.

ती लाइन वाफेची होती. कुणी म्हणेल, प्रेशर टेस्टमध्ये पकडली गेली असती. तसे सांगता येत नाही. पाण्याने दीडपट दाब देतात तेव्हा असा जॉइंट पुष्कळदा गुपचूप उभा राहतो. मग रोजचे तापणे, निवणे, पंपाची थरथर सुरू होते, आणि आत राहिलेल्या त्या न जुळलेल्या रेषेतून चीर हळूहळू वर सरकते. ती बाहेर येते त्या दिवशी शेजारी कोण उभा असेल हे कागद विकणाऱ्याला ठाऊक नसते, पर्वाही नसते. बॉयलरच्या वाफेच्या लाइनला तर आपल्याकडे १९५० चे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स लागतात. तिथे वेल्डरची परीक्षा वेगळी, सरकारच्या बॉयलर खात्याची. गोव्यात ते काम पणजीच्या फॅक्टरीज अँड बॉयलर्स खात्याकडे. त्या मेसेजमधला सोनेरी शिक्का तिथल्या टेबलावर ठेवून बघा.

"आयुष्यभर चालते"

इथे अर्धे खरे आहे, आणि ते मान्य करायला मला जड जाते. सेक्शन ९ खालच्या सर्टिफिकेटवर ठरावीक शेवटची तारीख नसते. ‘आमचे पाच वर्षे व्हॅलिड’ म्हणणारेही तितकेच चुकतात. पण परिच्छेद क्यूडब्ल्यू-३२२ वाचा. एखाद्या प्रोसेसने, म्हणजे वेल्डिंगच्या प्रकाराने, सहा महिने वेल्डिंग केले नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते. टिगची (आर्गॉन गॅसच्या आड तार वितळवायची) वेगळी, रॉडची वेगळी. मधल्या काळात तुमच्या हाताबद्दल शंका घ्यायला ठोस कारण मिळाले तरी संपते. म्हणून बरी कंपनी वेल्डरची नोंदवही ठेवते: कुठला स्टॅम्प नंबर (वेल्डरचा ओळख क्रमांक), कुठल्या तारखेला, कुठल्या प्रोसेसने कुठला जॉइंट. ती नोंद नसेल तर आयुष्यभराचे राहू द्या, दिवाळीपर्यंतचेही सांगता येत नाही.

आमच्याकडे हे सगळ्यांनी पाहिलेय. २०१२ ला खाणी बंद पडल्या, २०१८ ला पुन्हा. खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीत उभ्या राहिल्या, यार्ड ओस पडली. बार्जीचे काम बहुतेक प्लेटचे, त्याचे नियम क्लास सोसायटीचे (जहाजे तपासणाऱ्या संस्थेचे), ते वेगळे. पण तिथले जे चांगले हात पुढे पाइपिंगला वळले, त्यांनी नव्या जागी निमूट कूपन लावले आणि दुपारच्या जेवणाआधी पास झाले. अपमान वगैरे कुणाला वाटला नाही. हात होता, सहा महिन्यांची नोंद नव्हती, इतकेच.

"कुठल्याही पाइपवर, कुठल्याही धातूवर"

६जी पास झालेला बाकी सगळ्या पोझिशनमध्ये बट जॉइंट (समोरासमोरचा जोड) आणि फिलेट (कोपऱ्यातला जोड) करू शकतो, हे खरे. मेसेज लिहिणाऱ्याने एवढेच कुठूनतरी ऐकले असावे. पोझिशन हा अनेक अटींपैकी एक. दुसरी अट पाइपच्या व्यासाची. ६ इंची पाइपवर, म्हणजे १६८.३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासावर, टेस्ट दिली तर ७३ मिलिमीटर आणि त्यावरचेच पाइप चालतात. २ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३, म्हणजे तो बाहेर! मोठा पाइप केला म्हणजे छोटा आलाच असे सगळ्यांना वाटते, आणि कोड बरोबर उलटे सांगतो, कारण बारीक पाइपवर हात पटापट वळवावा लागतो. २ इंचीवर टेस्ट दिलीत तर २५ मिलिमीटरपर्यंत खाली जाता येते. अर्धा इंची पाइप २१.३ चा, त्याला तरीही वेगळी टेस्ट.

जाडीचेही तसेच. जितकी जाडी भरलीत तिच्या दुप्पट मिळते. १३ मिलिमीटर किंवा जास्त, किमान तीन थरांत भरलीत, तरच वरची मर्यादा सुटते. रूट टिगने ३ मिलिमीटर आणि पुढचे रॉडने केले असेल तर टिगचे ६ मिलिमीटर, रॉडचे रॉडच्या हिशोबाने.

धातूच्या बाबतीत पुन्हा थोडे मागे येतो. वेल्डरची परीक्षा साध्या कार्बन स्टीलच्या पाइपवर झाली तरी सेक्शन ९ त्याला स्टेनलेसपासून थेट अडवत नाही. अडवतो तो फिलर, म्हणजे जोडात भरायचा रॉड किंवा तार. ई७०१८ रॉड एफ-४ गटात, स्टेनलेसचा ई३०८एल-१६ एफ-५ मध्ये, म्हणून एकावरून दुसऱ्यावर उडी नाही. टिगची तार मात्र दोन्हींची एफ-६. म्हणजे टिगवाल्याला कागदोपत्री वाट मोकळी. पण पर्जिंग, म्हणजे पाइपच्या आत आर्गॉन सोडून आतली हवा काढणे, तसे करून टेस्ट दिली असेल तर पर्जिंगशिवाय काम करायला तो पात्र नाही. ॲल्युमिनियम, टायटॅनियम तर सरळ वेगळे गट. आणि वेल्डर पात्र असला तरी स्टेनलेससाठी त्या कंपनीची पद्धत सिद्ध झालेली हवी, त्याशिवाय कामाला हात लागत नाही. वेर्ण्यातल्या औषध कारखान्यांत पाण्याच्या ३१६एल स्टेनलेसच्या लाइनी बघा. पर्जिंग चुकले तर रूट आतून जळलेल्या साखरेसारखी काळी खडबडीत होते, आणि तो जॉइंट कापून फेकतात. ‘कुठल्याही धातूवर’ म्हणणाऱ्याने तो कापलेला तुकडा एकदा हातात घ्यावा.

"डब्ल्यूपीएसशी वेल्डरचा संबंध नाही"

आधी एक जॉइंट करून बघतात. त्याचे तुकडे ओढून तोडतात, वाकवतात, आणि प्रत्यक्ष वापरलेले अँपिअर, व्होल्ट, रॉड, तापमान लिहून ठेवतात. तो कागद पीक्यूआर. त्यातून कामासाठी जी मर्यादा ठरते ती डब्ल्यूपीएस. आता सांगा, अँपिअरची चावी कोणाच्या हातात असते, इंजिनियरच्या? आपल्याकडच्या जुलैत ई७०१८ चा पुडा उघडा टाकलात तर रॉड ओल पितो, ओलीतला हायड्रोजन जोडात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी तडा जातो. अमेरिकेच्या स्ट्रक्चरल कोडमध्ये, डी१.१ मध्ये, साध्या ई७०१८ ला भट्टीबाहेर ४ तास दिलेत. ते कुठल्या हवेत ठाऊक नाही, पण वास्कोच्या बंदरावर पावसात मी तेवढेही देत नाही.

"पुन्हा टेस्ट पगार पाडायला"

वर सांगितले त्यातच उत्तर आहे: जबाबदारी नव्या मालकाची, म्हणून टेस्ट त्याची. प्रोसेस पाइपिंगच्या कोडमध्ये, बी३१.३ मध्ये, एक सवलत आहे. इन्स्पेक्टरची मंजुरी असेल तर आधीच्या मालकाने घेतलेली पाइपवरची टेस्ट मान्य करता येते. पण त्यासाठी मालकाचे नाव, टेस्टची तारीख आणि त्या पद्धतीने शेवटचे काम कधी केले हे कागदावर लागते. घरपोच सर्टिफिकेटवर यातले काय असणार? आणि कुवेतच्या नोकरीचे म्हणाल तर १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी असलेलाच एजंट परदेशी नोकरीला माणसे पाठवू शकतो. त्याची सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडते. मेसेजमधला नंबरवाला तिथे सापडला नाही.

पैसे भरले नाहीत. भाच्याला रविवारी होंड्याला एका मित्राच्या शेडवर नेले. भंगारातून २ इंची पाइपचे तुकडे किलोवर घेतले, बेव्हल (कडा तिरक्या करणे) त्यानेच ग्राइंडरने केले, आणि ४५ अंशांत बांधून दिले. "मामा, तीन वाजता चांगली जमते, खाली हात थरथरतो," म्हणाला. जॉइंट कापून बघितला. तिनाला आणि नवाला रूट ठीक, साडेपाच ते साडेसहापर्यंत मात्र आत ओढली गेलेली, बोटाला खड्डा लागतो. रूट गॅप, म्हणजे दोन तुकड्यांमधली फट, थोडा कमी करून, करंट पाच-सात अँपिअर उतरवून येत्या रविवारी पुन्हा लावणार आहोत.