हँडीकॅमला अ‍ॅडाप्टर लावला की उजेड वाढतो म्हणे!

काल रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज, "दादा, घेऊ का हे?" खाली तेच रील, जे आठवडाभर शूटिंगवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतंय. जुना हँडीकॅम फेकू नका, पुढे डेप्थ ऑफ फील्ड अ‍ॅडाप्टर (मागचं ब्लर करणारा जोड) बसवा, त्याला फोटो कॅमेऱ्याची ५० एमएम लेन्स लावा, झाला सिनेमाचा कॅमेरा. उजेड वाढतो, फोकस आपोआप, क्वालिटी फोरके. हा मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो, संध्याकाळची हळद, रात्रीची वरात, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी उजेडाचं, कारण तो बुडणार तो यातच. या अ‍ॅडाप्टरच्या पोटात एक दुधी काच असते. लेन्स त्या काचेवर चित्र पाडते आणि हँडीकॅम मागून त्या काचेचं शूटिंग करतो, थिएटरात बसून पडद्याचं मोबाईलवर शूटिंग करतात ना, तसलाच प्रकार. आता दुधी काचेतून उजेड वाढून कसा येईल बाबा? चांगल्या अ‍ॅडाप्टरमध्येही अर्धा-एक स्टॉप जातो, स्वस्तातल्यात आणखी, आणि एक स्टॉप म्हणजे सरळ निम्मा उजेड. मग कॅमेरा गेन, म्हणजे सिग्नल ताणून आणलेला खोटा उजेड, वाढवतो आणि हळदीला नवरीच्या तोंडावर दाणेदार मुंग्या. बरं लेन्सचं भोक एफ ५.६ पेक्षा लहान केलंत (एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान) तर काचेचे दाणे दिसायला लागतात, म्हणून भारीतल्या अ‍ॅडाप्टरमध्ये ती काच फिरवत किंवा थरथरवत ठेवायचे.

हा घोळ कुठून आला असेल त्याचा मला अंदाज आहे. २०१३ साली मेटाबोन्स कंपनीचा स्पीड बूस्टर नावाचा वेगळाच अ‍ॅडाप्टर आला, तो खरंच एक स्टॉप उजेड वाढवतो, कारण त्यात दुधी काच नाहीच, तो लेन्समधून आलेलं चित्र ०.७१ पट लहान करून थेट सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, टाकतो. पण तो लेन्स निघणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्याला बसतो. हँडीकॅमची लेन्स काय करवतीने कापणार?

ऑटोफोकस तर बंदच ठेवायचा असतो, हँडीकॅमचा फोकस त्या काचेवर लॉक, झूमही काच फ्रेमभर दिसेल इतका करून तिथेच लॉक. खरा फोकस पुढच्या लेन्सची रिंग हाताने फिरवून, तोही वरातीत नाचणाऱ्यांवर. त्यात प्रिझम नसलेल्या अ‍ॅडाप्टरमध्ये चित्र उलटं दिसतं, नवरदेवाचे पाय वर. फोरकेबद्दल काय बोलायचं, कॅमेराच फोरके नाही.

एक मात्र कबूल करतो, बॅकग्राउंड खरंच ब्लर होतं. नुसत्या हँडीकॅमने ते होत नाही, कॅननच्या एचव्ही२० या हँडीकॅमच्या स्पेसिफिकेशनमध्येच बघा, ६.१ एमएमची लेन्स ३५ एमएम फिल्मच्या हिशोबात ४३.६ एमएम, म्हणजे सेन्सर साधारण सात पट लहान. म्हणून त्याचं एफ १.८ ब्लरच्या बाबतीत जवळजवळ एफ १३ सारखं वागतं, सगळंच शार्प. २००८ मध्ये कॅननचा व्हिडिओ काढणारा मोठ्या सेन्सरचा डीएसएलआर ५डी मार्क टू येईपर्यंत कमी पैशात दुसरा इलाज नव्हता, आणि शॉर्ट फिल्मवाल्यांनी स्टँडवर कॅमेरा ठेवून, भरपूर लाईट मारून यावर चांगली कामं केली. आता तीच ५० एमएम जुन्या डीएसएलआरला थेट लागते.

हे सगळं सकाळी फोनवर सांगितलं. तर म्हणतो, "दादा, हजार रुपये ॲडव्हान्स पाठवलेत रे."