सरकारचा धुरा नेमका कुठं टाकावा

भाऊ, सरकारनं आपल्या हद्दीत राहावं असं तुम्हाला वाटतं, हे फार चांगलं लक्षण आहे. फक्त हद्द आखताना घाई करू नका. काही भाबडे लोक सगळ्यांसाठी एकच धुरा टाकून मोकळे होतात आणि मग तो त्यांच्याच अंगावर येतो. धुरा टाकण्याआधी वावर कुणाचं ते बघायचं. आपलं असेल तर सरकार बाहेर. शेजाऱ्याचं असेल तर सरकार आत, सोबत तलाठी, पोलीस पाटील आणि जमलं तर टीव्हीवाला.

चर्चेला पानठेलाच बरा. तिथं जो खर्रा घोटतात त्यातली सुगंधित तंबाखू राज्यात बंद आहे, शेजारी लटकणारा गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि घोटायची पन्नीही २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सापडते. बंदीचा आदेश दरवर्षी नव्यानं निघतो आणि ठेलेवाला नव्या आदेशाच्या नावावर नवा भाव लावतो. दोघांचंही बरं चाललंय. तोंडात खर्रा असला की सरकारच्या मर्यादांवर बोलणं थोडं बोबडं होतं, पण अधिकारवाणीचं वाटतं.

खिशात एखादा परदेशी विचारवंत ठेवा. जॉन स्टुअर्ट मिल चालेल. मिल म्हणताच दोघं-चौघं हिंगणघाटच्या कापडगिरणीची गोष्ट काढतील, काढू द्या. हा इंग्रज १८५९ मध्ये सांगून गेला की माणसाच्या मर्जीविरुद्ध त्याच्यावर सत्ता चालवायची तर ती दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यापुरतीच. त्याचं स्वतःचं भलं व्हावं एवढं कारण पुरत नाही. स्वातंत्र्यवाद्यांची सगळी इमारत या पायावर उभी आहे. परंपरावाद्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, माणूस एकटा नसतो, घर, जात, गाव, देऊळ यांनी तो घडतो आणि ही घडी मोडत असेल तर कायद्यानं हात आडवा घातला पाहिजे. या दोघांचं पटत नाही. १९६० मध्ये हायेक या मुक्त बाजारवाल्या अर्थतज्ज्ञानं तर आपण परंपरावादी का नाही यावर वेगळा लेखच लिहिला. परंपरावाद्याला सक्तीचं वावडं नसतं, ती आपल्या मताच्या कामासाठी वापरली म्हणजे झालं, असा हायेकचा आक्षेप. तुम्ही मात्र भांडणात पडू नका, दोन्ही व्हा. कापसाच्या गोष्टी निघाल्या की स्वातंत्र्यवादी, पोरींच्या निघाल्या की परंपरावादी.

कापसापासून सुरुवात करा, कारण इथं तुमची बाजू खरोखरच भक्कम आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस तुमचा, गिऱ्हाईक एकच, सरकार. चुकारा मिळेल तेव्हा मिळेल. पलीकडे भाव बरा म्हणून पांढरकवड्याहून आदिलाबादकडे गाडी काढली तर आपल्याच कापसाचे आपण तस्कर. तुमच्या आजोबांनी नाक्याला कशी हुल दिली ते रंगवून सांगा. आजोबांकडे गाडी नसली तरी सांगा. मग शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं नाव घ्या. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावलेली पिढी अजून गावात आहे, तिचे डोळे चमकतील. सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा भाव पाडून काढून घेतं, त्यांच्या भाषेत उणे सबसिडी, हा हिशेब या माणसानं वऱ्हाडातल्या शेवटच्या कास्तकाराला समजावला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा जोरात म्हणा.

जोर ओसरायच्या आत सीसीआयचं, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाचं, खरेदी केंद्र सुरू झालं का ते विचारून घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, तो बाजारात सरकारनं ढवळाढवळ केल्याशिवाय मिळत नाही. ढवळाढवळ केली तर केली, निदान ओलावा मोजताना तरी सरकारनं नाक खुपसू नये. १२ टक्क्यांच्या वर म्हणून गाडी परत पाठवणं म्हणजे हुकूमशाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हा मुक्त बाजार दारात येऊन उभा राहिला होता. आपण त्याला काय शिव्या घातल्या! आणि चूक नव्हतीच आपली. कांदा महागला की निर्यात बंद, रुई महागली की आयात खुली, हा खेळ ज्यानं मांडला त्यानंच आपल्याला शिकवलं की तत्त्व भावाप्रमाणे बदलायचं असतं. साडेसात अश्वशक्तीच्या पंपाचं बिल माफ झालं, त्याबद्दल मात्र कुठंच बोलू नका. ते उणे सबसिडीच्या हिशेबात जमा धरा.

बियाण्याच्या बाबतीत तुम्ही हुतात्मेही होऊ शकता. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं एचटीबीटी, म्हणजे तणनाशकाला दाद न देणारं कापसाचं बियाणं, उघडपणे पेरलं. त्या वेळी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होती. आपल्या वावरात काय पेरायचं ते आपण ठरवू, हे वाक्य तिथलं. फार सुंदर वाक्य आहे, जपून वापरा. नाहीतर कोणी विचारेल की आपल्या गोठ्यातल्या थकलेल्या बैलाचं काय करायचं तेही आपणच ठरवायचं ना? २०१५ च्या दुरुस्तीनं बैलाच्या कत्तलीलाही पाच वर्षांचीच कैद ठेवली आहे. बैलबाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, हे तुमच्या खिशाला ठाऊक आहे. तरी त्या वेळी संस्कृती म्हणा. संस्कृती म्हणणाऱ्याच्या गोठ्यात तो बैल नेऊन बांधायचा विचार मनात येईल, तो दाबा. आणि बाहेरून आणलेलं मांस घरात आहे एवढ्यावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द केलं, हा विषय कोणी काढलाच तर पावसाचं बघा.

बैल उभा असेपर्यंत मात्र आपण पुन्हा कट्टर स्वातंत्र्यवादी. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बंद केला तेव्हा किती वाईट वाटलं होतं. गावाची परंपरा, त्यात दिल्लीचा काय संबंध? २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, गुलाल उधळला. बरोबर वर्षभरानं, डिसेंबर २०२२ मध्ये, राज्यानं आंतरधर्मीय लग्नांची माहिती घ्यायला समिती नेमली, तेव्हाही आपण खूश. यात विसंगती नाही. बैल कुणासोबत पळावा यात सरकारनं पडू नये. पोरगी कुणासोबत पळाली यात पडलंच पाहिजे.

दारूवर तोल सांभाळावा लागतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात त्याआधीपासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ आली आणि गेली. बाकी महाराष्ट्रातही १९४९ चा कायदा सांगतो की प्यायला परवाना लागतो, आणि परवान्यावर कारण असतं आरोग्य टिकवण्याचं. आपल्या गावात कितीजण आरोग्यासाठी एवढे झटतात! तुम्ही मिल काढा, माझा जीव, माझी बाटली, सरकारला काय? वाक्य बसतं. पण ग्रामसभेत उभी बाटली-आडवी बाटलीचा ठराव आला आणि एखादी बाई उठून म्हणाली, “लाथ माह्या पोटात बसते अन् वाण्याची उधारी मलेच मागतात, मंग जीव त्याचा एकट्याचा कसा?” तर मिल तुमच्या बाजूनं बोलणार नाही. इजा दुसऱ्यालाच होतेय. तो तिच्या बाजूला जाऊन बसेल. बंदी झाली की दारू जाते की नुसती महाग होऊन मागच्या दारानं येते, हा वाद खरा आहे, चंद्रपूरवाल्यांना विचारा. पण तो घालायला सभेत थांबावं लागतं. तुम्ही निघा, कोरम मोडेल.

एका गावापासून मात्र दूर राहा. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं तेही म्हणतात, पण त्यांनी ते मनावर घेतलं. जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आलं. तिथं निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बसतात. सरकार बाहेर ठेवलं तर त्याची कामं आपल्याला करावी लागतात, हिशेब लिहावा लागतो, जंगलावर नजर ठेवावी लागते, भावकीतल्या माणसालाही नियम लावावा लागतो. एवढं स्वातंत्र्य आपल्याला झेपायचं नाही भाऊ.

आपल्याला पीएम किसानचा हप्ता बरा. दोन हजार आले नाहीत तर ‘सरकार मेलं का?’ असं ओरडत सेतू केंद्रावर जा, केवायसीच्या रांगेत उभे राहा. कोणी मधे घुसला तर लगेच पोलिसांना फोन करा. तेवढं काम मिलही सरकारकडेच ठेवतो.