मायनस मायनस सिलेक्ट

गणेश चवथीच्या दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर आमच्या सीनियरचा मेसेज पडला, 'रन झाला. अण्णांना थँक्यू सांग', आणि पुढे हात जोडलेले दोन इमोजी. अण्णांना! अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे काका, ऐंशी ओलांडलेले, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या शाळांतून जन्मभर गणित शिकवलेले, आणि कॉम्प्युटरला आजवर बोटही न लावलेले. मला थँक्यू नाहीच, साधा अंगठापण नाही. अजून तो मेसेज वर स्क्रोल करून बघते मी, उगाच.

झालं असं की आमचं काम डीबीटीवर चालतं. ही डीबीटी म्हणजे खात्यात पैसे येतात ती नव्हे. आमच्या काकीला हे सांगून सांगून मी दमले, ती दर चवथीला नेवऱ्या तळताना 'माझो हप्तो खंय पावलो तो पळय गो' म्हणतेच. आमची डीबीटी 2016 साली फिलाडेल्फियात जन्मली. वेअरहाउसमधल्या, म्हणजे डेटाच्या कोठारातल्या, डेटावर एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या फायली (त्यांना मॉडेल म्हणतात) एकामागून एक क्रमाने चालवायच्या, कच्च्या डेटाचे रिपोर्टचे टेबल करायचे, हे तिचं काम. आणि तिची सगळी अक्कल कमांडच्या शेपटाला लावायच्या ऑप्शन्समध्ये असते. नुसतं 'डीबीटी रन' म्हटलं की ती प्रोजेक्टमधलं सगळंच्या सगळं चालवत सुटते, तेही प्रोफाइलमध्ये जे डिफॉल्ट टार्गेट, म्हणजे सरावाचा किंवा खरा ('प्रॉड') डेटाबेस, असेल त्याच्यावर. नेमकं काय हवंय ते आपणच सांगायचं.

तर सीनियरने बुकिंग्जच्या मॉडेलमधला एक कॉलम काढला, कोड मर्ज केला आणि चवथीला गावी निघून गेला. ते मॉडेल इन्क्रिमेंटल, म्हणजे जुना टेबल तसाच ठेवून रोज नवीन ओळी त्यात भरायच्या. टेबलात जुना कॉलम अजून बसलेला, मॉडेलमध्ये तो नाही, त्यामुळे सकाळी रन पडला. अशा वेळी तो टेबल मुळापासून नव्याने बांधायला फुल रिफ्रेश द्यावं लागतं. ते द्यायचं राहिलं कुणाचं, हे ग्रुपवर कुणीच विचारलं नाही. मला फोन, 'एकच कमांड आहे गं, पाच मिनिटांचं काम.' माझी रजा मंजूर, लॅपटॉप पणजीत, मी सत्तरीत मूळ घरी आणि ऑफिसात एकटा ट्रेनी, कोल्हापूरचा, नवीन म्हणून त्याला रजाच दिली नव्हती बिचाऱ्याला.

आधी मी शहाणपणाने कमांड व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवली. पण माझ्या फोनच्या कीबोर्डला स्मार्ट पंक्चुएशन नावाची खोड आहे, लागोपाठ दोन आडव्या रेघा दिसल्या की तो स्वतःच्या मनाने त्यांची एक लांब रेघ करतो. लेख लिहिणाऱ्याला बरं असेल ते, टर्मिनलला नाही. ट्रेनीने जशीच्या तशी पेस्ट केली, तर तिकडून उत्तर, ही जास्तीची आर्ग्युमेंटं कुठून आली? 'ताई, कमांड बरोबर दिसतीय पण चालंना.' शेवटी फोन लावला. आमच्या घरात रेंज येते ती फक्त देवाच्या खोलीच्या खिडकीत, माटोळीच्या खाली. डोक्यावर नारळ, सुपाऱ्या, तोरिंजन आणि कसली कसली रानफळं लोंबतायत, पाच फुटांवर घुमट आरती रंगात आलेली. घुमट, शामेळ आणि कांसाळं एकदम वाजायला लागली की शेजारच्या माणसाला स्वतःचं नावदेखील ओरडून सांगावं लागतं.

म्हणून मी ओरडले, "मायनस मायनस सिलेक्ट!"

नेमकी तेव्हाच आरती संपली. अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. खुर्चीत बसलेल्या अण्णांनी चष्मा वर केला.

"कोणाक वजा करता गो?"

"कोणाला नाही अण्णा, ऑफिसचं आहे."

"मायनस मायनस म्हणालीस ना? मायनस मायनस प्लस. मग सरळ प्लस लिही म्हणून सांग त्याला, दोन अक्षरं कशाला फुकट घालवता?" अण्णा प्रेमात असले की कोंकणीत बोलतात आणि शिकवायला लागले की मराठीत, त्यामुळे मला पुढचं कळून चुकलं.

"अण्णा, ते वजाबाकीचं नाही, नुसती खूण आहे. आणि प्लस वेगळा आहे, तो येतोय पुढे. हां ऐक रे, बुकिंग्ज, आणि त्याला चिकटून प्लस."

"बुकिंग्ज प्लस किती?"

"किती नाही. नुसता प्लस."

"प्लसच्या पुढे संख्या नको? असं कोणी चौथीत लिहिलं असतं तर मी हातावर छडी दिली असती."

आता हे समजावून दिल्याशिवाय सुटका नव्हती. म्हटलं, नावाच्या मागे प्लस लावला की त्या टेबलावर अवलंबून असलेले पुढचे सगळे टेबल, नावाच्या आधी लावला की तो ज्यांच्यावर उभा आहे ते सगळे. मागच्या प्लसपुढे आकडा दिला तर तेवढ्याच पिढ्या, नाही दिला तर शेवटपर्यंत. अण्णांचा चेहराच बदलला. "म्हणजे आधी लावला तर पूर्वज, मागे लावला तर वंशज! हे बरं आहे गो." आणि ते घुमटवाल्या पोरांना ते समजावून द्यायला लागले. ट्रेनी तिकडे 'हॅलो ताई, हॅलो' करतोय.

"पुढे लिही, मायनस मायनस एक्सक्लूड, इतिहास." हा टेबल अवाढव्य, फुल रिफ्रेशमध्ये सापडला तर तासन्‌तास चालतो आणि वेअरहाउसचं बिल क्लायंटकडे जातं, म्हणून तो वगळायचाच.

"इतिहास वगळायचा?" अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "तसंच झालं. या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर बघ, चारही भावांची नावं आहेत, माझं नाही. तेव्हा तुझ्या आजोनेपण फोनवरच कोणाला तरी सांगितलं असेल."

यावर मी काय बोलणार? खोलीतले मोठे सगळे एकदम देवाकडे बघायला लागले, काकीने उगाच समईची वात पुढे सारली. आमच्याकडे या विषयावर कधीच कोणी बोलत नाही आणि या वर्षी तो निघाला माझ्यामुळे, माझ्या सीनियरमुळे म्हणा खरं तर.

ट्रेनीच्या प्रश्नाने वाचवलं. "ताई, फुल रिफ्रेशमध्ये मधे स्पेस का?"

"नाही, मधे एक मायनस. आधी दोन, मधे एक."

"तीन मायनस," अण्णा. "म्हणजे मायनसच राहिला." आणि हात पुढे करून त्यांनी माझ्या हातातला फोन काढूनच घेतला. "बाबा, मी बोलतो. पाटी घे. पाटी नाही? मग जे काय असेल ते घे. मी सांगतो तसं लिही आणि एकेक चिन्ह मला वाचून दाखव. रेघेनंतर जागा सोडलीस? खोड ती. टार्गेट? टार्गेट काय गो? प्रॉड? हां, प्रॉड. आता सगळं पहिल्यापासून वाच."

त्याने वाचलं. अण्णांनी दोनदा वाचायला लावलं. आणि रन झाला की हो! एकही एरर नाही, एकही स्किप नाही. ट्रेनीने भारावून ग्रुपवर लिहिलं, 'अण्णांनी सांगितल्याप्रमाणे केलं', आणि मग सीनियरचा तो मेसेज.

कमांड कुणी रचली, इतिहास वगळायचं कुणाला सुचलं, टार्गेट कुणाला पाठ होतं, हे कुठल्याही लॉगमध्ये येत नाही. एचआरला विचारलं, रजेच्या दिवशी काम केलं तर बदली रजा मिळेल का, तर उत्तर आलं, लॉगिन तर दिसत नाही तुझं. बरोबरच आहे, लॉगिन ट्रेनीचं, आवाज अण्णांचा. आणि सीनियरने आता 'फॉलबॅक म्हणून' माझा गावचा लँडलाइन नंबर मागितलाय. अजून दिलेला नाही.

अण्णा मात्र खुश आहेत. त्यांनी जुन्या वहीत सगळे ऑप्शन उतरवून घेतलेत आणि रोज संध्याकाळी फोन करतात. काल विचारत होते, "तुमचे ते थ्रेड्स चारच का?"

"सेटिंग आहे अण्णा, एका वेळी चार मॉडेलं चालतात."

"ते कळ्ळें. पण चार कोणी ठरवले?"

"माहीत नाही. मी आले तेव्हापासून चारच आहेत."

"मग त्या सीनियराक विचार. तो तुला फोन करता ना सुटीच्या दिसा?"